पेन्सिलीच्या रेघेपर्यंत

या सदरातले अनुभव मी गेली चार-पाच वर्षं वाचतो आहे आणि खरं सांगायचं तर बरेचदा हसलोही आहे. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाला घाटात गाडीला हात करणारा म्हातारा भेटतो... मी मुरुडचा. आमच्याकडे गावात अशा गोष्टींना तोटा नव्हता, पण वडील पोस्टात होते. ते म्हणायचे, "ज्याला पत्ता नाही ते पोचत नाही." मीही त्याच वळणाचा. आजही कुणी विचारलं तर भुतं मानत नाही असंच सांगेन.

तरीही लिहितो आहे. यात न कळण्यासारखा भाग थोडा आहे. उरलेलं सगळं माझं कृत्य आहे, आणि ते आजवर कुठेही नोंदलं गेलेलं नाही.

१९७७ ते ८६ मी बहारीनला होतो. मीना सलमान बंदराच्या अलीकडे एका छोट्या कंत्राटदाराचं बार्ज आणि टग दुरुस्त करायचं यार्ड होतं. ती कंपनी केव्हाच बंद झाली. मी तिथे क्लार्क. राहायला गुदैबियात, एका गुजराती किराणा दुकानाच्या वरच्या खोलीत. त्या खोलीत माझा पार्टनर होता इनास. वसईचा ख्रिश्चन, यार्डात पाइप-फिटर, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तो घरची वसईकडची बोली बोलायचा. मला ती लिहिता येत नाही, म्हणून त्याचं बोलणं माझ्या मराठीत लिहितो. एवढी एक चूक त्याने चालवून घ्यावी.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक जपानी हॉटेल-कम-बार होतं. दारावर लाल कागदी कंदील असायचा. आम्हाला तो दिवाळीतल्या आकाशकंदिलासारखा वाटला, म्हणून आम्ही त्या जागेला 'कंदील'च म्हणायचो. आत लाकडी काउंटर, दहा स्टुलं, मागे मासे भाजायची जाळी. मालक ओकादा-सान आधी जपानी बोटीवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, होता. 'सान' म्हणजे आपल्याकडचं 'राव'. गिऱ्हाईक म्हणजे बंदरातले जपानी इंजिनियर, दोन-चार फिलिपिनो आणि आम्ही दोघे. आम्ही तिथे पहिल्यांदा शिरलो ते वासामुळे. इनास दारातच थांबला.

"केशव, हा बांगडा आहे!"

"जपान्याकडे कुठला बांगडा?"

"अरे, बांगडा तो बांगडा. पासपोर्ट बदलला म्हणून वास बदलतो काय?"

खरोखरच बांगडा होता. नुसतं मीठ लावून भाजलेला, बरोबर वाटीभर भात. ओकादाने पुढ्यात दोन काड्या ठेवल्या तर इनास म्हणाला, "मी काय सुगरण पक्षी आहे, घरटं विणायला?" आणि हाताने जेवला. ओकादा हसला आणि त्याने पुढच्या वेळेपासून इनासला काड्या दिल्याच नाहीत.

त्या जागेची एक पद्धत होती. नेहमीच्या गिऱ्हाइकाने आपली अख्खी बाटली घ्यायची, ओकादा तिच्या गळ्यात नावाची चिठ्ठी बांधून मागच्या फळीवर ठेवायचा. ती बाटली त्या माणसाची. दुसऱ्या कुणाला त्यातला थेंब मिळायचा नाही. इनासने बसक्या, काळपट काचेची एक जपानी व्हिस्की घेतली आणि चिठ्ठीवर देवनागरीत नाव लिहिलं... इनास. सगळ्या जपानी चिठ्ठ्यांमध्ये ते एकच नाव आम्हाला वाचता यायचं.

पहिल्या दिवशी निघताना इनास सवयीने म्हणाला, "ओकादा-सान, येतो!"

"येतो?" त्याने मला विचारलं.

मी घाईत सांगितलं, "कमिंग."

पुढच्या शुक्रवारी गेलो तर ओकादा रागावलेला. "यू से कमिंग. आय वेट. रेस्टॉरंट क्लोज, आय वेट!" तो बिचारा इनासचं स्टूल न उचलता वाट बघत बसला होता. हसता हसता आमची पुरेवाट झाली. मग मी त्याला समजावलं की आमच्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत, अशुभ वाटतं. जाणारा 'येतो' म्हणतो आणि घरातला माणूस 'ये' म्हणतो. ओकादा गंभीर झाला. म्हणाला, जपानीतही असंच आहे, घरातून निघणारा म्हणतो, जाऊन येतो. मागे राहणारा म्हणतो, जाऊन ये. "सेम-सेम," तो म्हणाला. तेव्हापासून इनास "येतो" म्हणाला की काउंटरमागून ओकादा ओरडायचा, "ये!"

हे एवढ्या तपशिलात सांगतोय, कारण पुढचं सगळं या एका शब्दावर उभं आहे.

१९७९ साल. इनासच्या बायकोचं, फिलोमिनाचं पत्र आलं. तिच्या कानावर गेलं होतं की नवरा तिकडे जाऊन पितो. तिने लिहिलं होतं, निदान उपवासकाळात पिऊ नका, माझ्यासाठी. ईस्टरच्या आधीचे ते चाळीस दिवस. ते राखेच्या बुधवारी सुरू होतात. आदल्या संध्याकाळी इनासने कंदीलमध्ये शेवटचा पेग घेतला आणि ओकादाकडून पेन्सिल मागितली. बाटलीत जिथवर दारू होती तिथे लेबलवर आडवी रेघ मारली. ओकादाने बाजूला तारीख लिहिली. बाटली निम्म्याहून थोडी जास्त भरलेली होती.

"ईस्टरपर्यंत ही रेघ हलली तर फिलूला तोंड दाखवणार नाही," इनास म्हणाला.

"तोंड दाखवायला सुट्टी तरी मिळू दे आधी," मी म्हणालो.

त्यानंतर प्रत्येक शुक्रवारी तो यायचा, बांगडा खायचा, ओकादाचा भाजक्या जवाचा चहा प्यायचा आणि बाटलीकडे बघून डोळा मारायचा. एक थेंबही घेतला नाही. मी शेजारी बसून पीत होतो, मला माहीत आहे.

आता यार्डातलं काम. बार्जच्या पोटात बंद टाक्या असतात. आतल्या गंजाने हवेतला प्राणवायू संपतो, म्हणून माणूस उतरण्याआधी ब्लोअरने हवा सोडावी लागते आणि माणूस आत असेपर्यंत तो चालू ठेवावा लागतो. प्रत्येकाला नंबराचा पितळी बिल्ला होता. टाकीत उतरणाऱ्याचा बिल्ला मी खिळ्यांच्या फळ्यावर टांगायचा, बार्ज सोडून बाहेर जाणाऱ्याचा माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवायचा. फळा रिकामा झाला की ब्लोअर बंद. दोन्ही वेळा बिल्ला माझ्याच टेबलावर यायचा. कुठे जातोस ते माणसाने सांगायचं आणि मी ऐकायचं, एवढंच काम.

उपवासकाळातला तो एक शनिवार होता. जेवणाचा भोंगा झाला. टाकीतली चार माणसं वर आली आणि जेवायला गेली. त्यांचे बिल्ले मी फळ्यावरून काढून ड्रॉवरमध्ये टाकले. इनास सकाळपासून डेकवर काम करत होता. तो माझ्या टेबलाशी आला, बिल्ला ठेवला आणि म्हणाला, "केशव, येतो रे."

मी रजेची यादी करत होतो. मान वर केली नाही. म्हणालो, "ये."

मला वाटलं, जेवायला चालला. तो खाली चालला होता. सकाळी राहिलेलं एका पाइपचं माप घ्यायला, दोन मिनिटांसाठी. 'आत उतरतो, लगेच येतो' यातला शेवटचा शब्द तेवढा त्याने उच्चारला. दुसरा कुणी असता, फिलिपिनो, मल्याळी, तर "गोइंग डाउन" म्हणाला असता. आम्ही दोघे मराठी, म्हणून "येतो" आणि "ये". मी बिल्ला ड्रॉवरमध्ये टाकला. फळ्याकडे पाहिलं आणि इलेक्ट्रिशियनला मीच हात केला, "खलास! सगळे बाहेर."

त्याने ब्लोअर बंद केला.

तासाने माणसं परत आली, तेव्हा इनास शिडीच्या तळाशी सापडला. हातात मापाची टेप होती. सलमानिया हॉस्पिटलला नेलं, पण नेण्यात काही अर्थ नव्हता.

त्याला वर काढेपर्यंत यार्डात आरडाओरडा चालू होता. त्या गडबडीत मी काय केलं ते लिहितो. मी ड्रॉवर उघडला, इनासचा सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला काढला आणि पँटच्या खिशात टाकला.

सेफ्टीच्या साहेबाने विचारलं, त्याने तुला सांगितलं होतं का?

"नो सर. ही सेड नथिंग."

बिल्ला दिला होता का?

"नो सर."

प्यायचा का?

"यस सर."

आदल्या दिवशी?

आदल्या दिवशी शुक्रवार होता. आम्ही कंदीलमध्ये होतो. तो चहा प्याला होता.

"यस्टरडे ऑल्सो, सर," मी म्हणालो.

माझी नोकरी गेली असती, व्हिसा गेला असता, कदाचित तुरुंगही. घरी बायको सात महिन्यांची गरोदर होती. ही कारणं मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आलो. ती खरी आहेत. पण त्या क्षणी यातलं काही मनात नव्हतं. मी फक्त घाबरलो होतो.

कुठे प्यायचा ते साहेबाने विचारलं, मी कंदीलचं नाव सांगितलं. तो म्हणाला, गुरुवारी मी त्या हॉटेलात जाऊन विचारीन, तू बरोबर चल. तेव्हा मला ती रेघ आठवली. लेबलवर तारीख, आणि दारू बरोबर रेघेपर्यंत.

बुधवारी संध्याकाळी मी एकटाच कंदीलमध्ये गेलो. ओकादाला कळलं होतं. त्याने इनासच्या स्टुलावर कुणाला बसू दिलं नव्हतं. मी त्याला सांगितलं, मित्राची बाटली मित्राने संपवायची, आमच्यात अशी पद्धत आहे. अशी कसलीही पद्धत आमच्यात नाही. ओकादाने दोन्ही हातांनी बाटली आणली, माझ्यापुढे ठेवली आणि मान लववली. मी चार पेग प्यालो. उठताना रेघेखाली अंगठ्याएवढी काच मोकळी दिसत होती. मी नीट पाहिली. त्याच कामासाठी आलो होतो ना.

दुसऱ्या दिवशी साहेबाबरोबर गेलो. ओकादाने फळीवरून बाटली काढली आणि काउंटरवर ठेवली.

दारू रेघेपर्यंत होती.

थोडी वर नाही, थोडी खाली नाही. पेन्सिलीची ती रेघ, ती तारीख, लेबलचा फाटका कोपरा, इनासच्या अक्षरातली चिठ्ठी. मी ओकादाकडे पाहिलं. तोही बाटलीकडेच बघत होता... आणि मग त्याने माझ्याकडे पाहिलं. चार पेग त्याच्यासमोर ओतले होते मी.

"नो ड्रिंक," तो साहेबाला रेघ दाखवून म्हणाला. "धिस डे, फिनिश. आफ्टर, टी ओन्ली."

साहेब मला म्हणाला, मग?

तिथे सगळं सांगता आलं असतं. मी पुरावा पुसून आलो होतो आणि कुणीतरी तो जागच्या जागी परत आणून ठेवला होता. याहून सरळ शब्दांत माणसाला काय सांगायचं असतं? मी म्हणालो, "सर, गुदैबियात बार पुष्कळ आहेत."

साहेबाने वही मिटली. रिपोर्टमध्ये आलं की मृत कामगार परवानगीशिवाय टाकीत उतरला आणि आदल्या संध्याकाळी त्याने मद्यपान केलं होतं. ऑफिसात मराठी लिहिणारा मी एकटाच, म्हणून फिलोमिनाला पत्र लिहायचं कामही माझ्याकडे आलं. ते मी माझ्या हाताने, स्वच्छ अक्षरात लिहिलं.

त्यानंतर मी ती बाटली संपवायचा प्रयत्न तीनदा केला. दोनदा निम्मी प्यालो, शुक्रवारी बघतो तर रेघेपर्यंत. तिसऱ्यांदा शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो, काउंटरवर उलटी करून दाखवली. पुढच्या शुक्रवारी रेघेपर्यंत.

"तू भरतोस!" मी ओकादावर ओरडलो.

तो शांतपणे म्हणाला, ही व्हिस्की आता इथे येतच नाही, मी कुठून भरू? मग जाळीवरचा बांगडा उलटत म्हणाला, "इनास-सान से 'येतो'. यू से 'ये'. सो."

त्याला टाकीपाशी काय झालं ते मी कधीच सांगितलं नव्हतं. तो कंदीलमधल्या शेवटच्या शुक्रवारबद्दल बोलत असेल. त्या दिवशी त्याने स्वतःच "ये" म्हटलं होतं, मी नाही.

मी कंदीलमध्ये जायचं सोडलं. ८४ च्या सुमारास ओकादा जागा बंद करून मायदेशी निघाला. निघताना माझ्या खोलीवर आला आणि अरबी वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली देऊन गेला. निरोप घेताना मला तो शब्द म्हणता आला नाही. इनास गेल्यापासून मी तो म्हटलेलाच नव्हता. 'निघतो' म्हणायचो, 'चलतो' म्हणायचो. बायको म्हणायची, परदेशात राहून तुमचं मराठी बिघडलं.

बाटली मुरुडला कपाटात राहिली. बिल्ला तिच्याच मागे, रुमालात. एका गणपतीत जावयाने शोधून काढली आणि दोन पेग मारले. सकाळी रेघेपर्यंत. जावई म्हणाला, "पप्पा, पाणी घातलंत ना? चव राखून घातलंत मात्र!" मी हसलो. घरात कुणाला काही माहीत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी बायको गेली. मागच्या पावसाळ्यानंतर मी बाटली आणि बिल्ला पिशवीत घालून वसईला गेलो. विचारत विचारत घर सापडलं. फिलोमिना वहिनी आता ऐंशीच्या आसपास. मुलगी जवळच राहते, ती शाळेत गेली होती शिकवायला. मी नाव सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "पत्र तुम्हीच लिहिलं होतं ना? अक्षर चांगलं आहे तुमचं."

मी ओट्यावर बसून सगळं सांगितलं. बिल्ला, ड्रॉवर, 'येतो', 'ये', चहा, रेघ. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी बाटली हातात घेतली आणि चिठ्ठीवरचं नाव बोटाने चाचपलं.

"दर वर्षी राखेच्या बुधवारी मी त्यांच्यासाठी क्षमा मागते," त्या म्हणाल्या. "मला शब्द देऊन मोडला म्हणून. गावात सगळे म्हणायचे, पिऊन उतरला आणि मेला. मुलीनेही तेच ऐकलं. इतकी वर्षं मी भलत्याच माणसासाठी क्षमा मागत होते होय?"

मी म्हणालो, "हो."

त्या उठल्या. परसात केळीच्या आळ्यात त्यांनी बाटली ओतली, अगदी निथळेपर्यंत. रिकामी बाटली खिडकीत ठेवली, शेजारी बिल्ला. आम्ही दोघे तिच्याकडे बघत बसलो. त्यांनी चहाचं विचारलं नाही, ते बरोबरच होतं. मी उठलो. उंबऱ्याशी 'निघतो' म्हणणार होतो, पण तोंडातून आलं, "येतो वहिनी."

आतून कुणी 'या' म्हटलं नाही.

ती बाटली इतकी वर्षं का भरत होती, ते मला माहीत नाही. ओकादा भरत होता म्हणावं, तर मुरुडच्या कपाटात कोण भरत होतं? मीच अपराधी मनाने झोपेत भरत होतो म्हणावं, तर ती व्हिस्की मी आणणार कुठून? पाणी म्हणावं, तर मी चव घेतली आहे.

परवा त्यांच्या मुलीचा फोन आला. आवाज अगदी इनासचा... निदान मला तसं वाटलं. म्हणाली, "अंकल, मम्मीने सांगायला सांगितलंय, बाटली रिकामीच आहे. ती रोज सकाळी बघते."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि ती विचारते, तुम्ही 'येतो' म्हणाला होतात. मग कधी येताय? ती म्हणते, राखेच्या बुधवारी या. मिस्सा सुटली की चर्चच्या आवारात गाव जमतं. तिला सांगितलंत ते तिथे सांगा, सगळ्यांसमोर. माझ्यासमोरही."

राखेचा बुधवार पुढच्या आठवड्यात आहे. मुलगा म्हणतो, या वयात कशाला, काय करतील कोण जाणे. त्याला हे सगळं कालच सांगितलं, तेव्हापासून तो माझ्याशी नीट बोलत नाही. तेही बरोबरच आहे. चर्चच्या आवारात आवाज फुटला नाही तर वाचून दाखवता यावं, म्हणून हे लिहून ठेवलं, तेच या सदरालाही पाठवतो आहे.

फोनवर मी तिला एवढंच म्हणालो, "आईला सांग, येतो."

तिने आतल्या खोलीकडे तोंड करून ते सांगितलं. मग लांबून, म्हाताऱ्या आवाजात, "या म्हणावं."